आकाशातली शिंक

करागांदा, १४ मे, मंगळवार

आदरणीय काबदेश व्याही,

घरातले जीव नि दारातलं जित्राब सुखरूप असेल, विहीणबाईंचा गुडघा आता वळत असेल, असं धरून चालतो. तुमचा धुरावलेला मासा पोचला. आमच्या सौभाग्यवती रौशानने तो सगळ्या शेजारणींना दाखवला, दिला कुणालाच नाही. परतफेड म्हणून काझी, घोड्याच्या मांसाची सुकवलेली वळी, पाठवतोय. घोडा माझ्या चुलतभावाकडचा, तेव्हा चरबीची चिंता नको.

रोज फोनवर बोलणारा माणूस पत्र का लिहितो, असं वाटलं असेल. तुम्ही फोन स्पीकरवर टाकता, व्याही. मी इकडून काही विचारलं की उत्तर विहीणबाई देतात. म्हणून हे बलखाशच्या बसचालकाच्या हाती. पाकीट दोनदा चिकटवलंय. उघडलेलं मिळालं तर काझीही नीट बघून घ्या.

दुकान ठीक. यंदाच्या थंडीने निम्म्या गावाच्या गाड्यांच्या बॅटऱ्या मारल्या, त्यावर माझं बरं चाललंय.

आता रेडिओवर उपग्रह ऐकण्याच्या आपल्या छंदाचं. त्या रॉकेटने एकदम सोडलेल्या उपग्रहांच्या थव्यातल्या बहुतेकांची नावं लागली. सुरुवातीला यादीत नुसते आकडे होते, कुठला ठिपका कुणाचा ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आपल्यासारखे देशोदेशीचे रिकामटेकडे कान लावून बसले, कुठली शीळ कधी डोक्यावरून गेली ते जुळवत गेले, आणि एकेका ठिपक्याचं बारसं झालं. दोन ठिपके तेवढे बिननावाचे उरलेत. त्यातला एक पाकोळी. तुमच्या लेकीच्या, माझ्या सुनेच्या, तोगझानच्या हातचा उपग्रह.

तिची शीळ साऱ्या जगात फक्त तुम्ही ऐकलीत. अभिमानाचीच गोष्ट. तुमचा तो फोन मी विसरलेलो नाही.

"सुयिन्शी, व्याही, सुयिन्शी!"

"दिली! घोडा मागा!"

"घोडा नको. पाकोळी बोलली. जिवंत आहे पोर!"

"मग हवं तरी काय?"

"दुसरी पाकोळी उडेपर्यंत तोगझानला नोकरी सोड म्हणू नका. करागांदाला बोलावू नका."

शुभवार्ता आणणारा सुयिन्शी म्हणाला की तो मागेल ते द्यायचं, ही आपली रीत. मी दिलं. फोन ठेवल्यावर रौशान म्हणाली, "घोडा सोडून मुदत मागणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहतेय." मी तिला गप्प केलं. व्याह्यावर संशय घेणं म्हणजे स्वतःच्या अन्नात माती कालवणं.

पण माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. गिऱ्हाईक "इंजिन एकदम झकास" म्हणालं की मी आधी बॉनेट उघडतो.

तुम्ही पाठवलेलं ध्वनिमुद्रण ऐकलं. शीळ गोड आहे. येताना चढी, डोक्यावरून गेली की उतरती, रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीच्या भोंग्यासारखी. पण ती उतरली नेमकी, थवा डोक्यावरून कधी जाईल त्याच्या पहिल्या यादीतल्या वेळेला. ती यादी अंदाजाची होती आणि चुकीची निघाली. सुधारलेली यादी तुमच्या फोननंतर आली. सगळा थवा त्या वेळेच्या आधीच येऊन जात होता, चहाचा पेला रिकामा व्हावा इतका आधी. बाकीचे पाहुणे सतरंजी पसरण्याआधी हजर, आणि तुमची एकटी पाकोळी पत्रिकेत छापलेल्या मुहूर्ताला?

म्हटलं, माझं घड्याळ चुकत असेल. तपासलं. म्हटलं, तुमचं चुकलं असेल. पण मुद्रणाच्या सुरुवातीला तुम्ही रेडिओवरचे वेळेचे ठोकेही घेतलेत. शिस्तीचा माणूस!

मग शिंक आली.

शिळेच्या मागे, खरखरीत बुडालेली, अर्धी गिळलेली शिंक. जाड, पुरुषी. मी हसलो, म्हटलं, व्याही शिंकले. रौशानला ऐकवली तर म्हणते, "आता लोकांच्या शिंकाही पकडायला लागलात? दुकान टाकण्यापेक्षा पोलिसात का नाही गेलात?" गंमत म्हणून मी ते जुनं मुद्रण काढलं. पाकोळी अजून प्रयोगशाळेच्या टेबलावर होती तेव्हा तिची शीळ तोगझानने आपल्या दोघांना पाठवली होती ना, ते. त्यातही शिंक आहे. त्याच जागी. मांजराच्या पिलासारखी, तोगझानची. शीळ उतरती भासावी म्हणून सूर खाली ओढला की ती पुरुषाची होते. मी स्वतः ओढून पाहिला.

आकाशात कोण शिंकलं, व्याही?

रविवारी तोगझानचा अल्माटीहून फोन होता. मी आडून विचारलं, "बाळ, बाबांचं मुद्रण नीट ऐकलंस का गं?"

"कितीदा लावलं, मामंजी! अर्ध्यावरच रडू येतं, शेवटपर्यंत ऐकवतच नाही."

"आणि तुम्हाला तिथे काहीच ऐकू येत नाही?"

"आमच्या छतावरच्या अँटेनातच खोट आहे. बाबांनी ऐकली म्हणजे पाकोळी ठणठणीत आहे. त्यांना कधी खोटं बोलताना पाहिलंय तुम्ही?"

मी नाही म्हटलं. खरंच पाहिलं नव्हतं.

तर प्रयोगशाळेतले सगळे अँटेना तपासायला छतावर चढलेत. आणि खाली टेबलावर दुसरी पाकोळी, पहिलीची जुळी बहीण, त्याच तारा, तेच सांधे, शुक्रवारी सकाळी पेटीत बंद होऊन परदेशी रॉकेटकडे निघणार. तिला उघडून कुणी बघत नाही. का बघावं? थोरली बोलतेय ना! तुम्ही लेकीचं काम वाचवायला गेलात आणि तिच्याच हातांनी दुसरीही मुकी पाठवताय. दोन मुक्यांनंतर तिच्या हाती तिसरी कोण देईल?

का केलंत तेही मला कळतंय. म्हणून तर हे पत्र असं लांबत चाललंय. पाकोळी उडून गप्प बसली तेव्हा तुम्ही आमच्याकडे जेवायला होता. मी भर पंगतीत तोगझानला म्हणालो, "झाली ना हौस? आता घरी ये, पाळणा हलू दे." तुमच्या पुढ्यात मानाचं मेंढीचं डोकं होतं. तुम्ही मान खाली घालून त्याचा कान कापत राहिलात, बराच वेळ. बलखाशला पोचलात आणि दुसऱ्याच दिवशी पाकोळी बोलली. तेव्हाच माझ्याशी कडकडून भांडला असतात तर बरं झालं असतं. पण व्याह्याशी भांडायचं नाही, हीही आपली रीतच.

सुयिन्शी दिली ती दिली. बातमी खोटी निघाली म्हणून दिलेलं मागे घेणारा मी नव्हे. दुसरी उडेपर्यंतच कशाला, तोगझानने हवी तितकी वर्षं तिथे काम करावं. रौशानला मी बघतो. म्हणजे आता त्या शिळेची तुम्हाला गरज उरली नाही.

तिला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर ती आपल्या दोघांनाही दुरावेल, आणि पेटी उघडायचं सोडून तुमची बाजू मांडत बसेल. तुम्ही सांगितलंत तर रडेल, चिडेल, आणि मग हत्यारं घेऊन टेबलाशी बसेल. तुमचीच लेक आहे.

माझा संशय खोटा असेल तर मूळ मुद्रण पाठवा आणि पुढच्या पंगतीत चारचौघांत माझी फजिती करा. मी आनंदाने करून घेईन.

गुरुवारी संध्याकाळी मी तिला फोन लावणार आहे. तिचा आवाज रडून बसलेला असला, तर हवापाण्याच्या चार गोष्टी करून ठेवून देईन. ती हसत बोलली, तर मात्र मला बोलावं लागेल, व्याही. मग आपलं काय व्हायचं ते होवो.

विहीणबाईंना नमस्कार. वाचून झाल्यावर हे चुलीत टाका.

तुमचा व्याही, आणि गुरुवार संध्याकाळपर्यंत ठार बहिरा,
ओराझबेक