आधी वजन कमी करा

प्रिय माय,

काल इथे अमरावतीत शांतामावशीचं ऑपरेशन झालं. तुला होता तोच त्रास, अंग बाहेर येण्याचा, पिशवी खाली उतरण्याचा. आज सकाळी तिनं हसत चहा मागितला आणि मी वॉर्डाबाहेर येऊन रडले. आनंदानं की रागानं, मला अजून कळलेलं नाही. म्हणून तुलाच लिहायला बसले.

मावशी तुझी धाकटी बहीण, पण वजनानं तुझ्याहून जड! मीच इथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं, "वजन कमी करून मग आणू का हिला?"

त्या म्हणाल्या, "वजनाकडे लक्ष देऊच, पण तेवढ्यासाठी थांबायचं कशाला? शुगर, बीपी, हृदय तपासू. ठीक असेल तर करू."

तेवढ्यासाठी! माय, तुझं दीड वर्ष तेवढ्यासाठीच गेलं.

अकोल्याच्या डॉक्टरांनी तुला सांगितलं, "आधी वजन कमी करा, मग बघू." मी शेजारीच बसले होते. किती कमी? आणि नाहीच झालं तर? एक प्रश्न विचारला नाही. उलट तुझ्या ताटावर पहारा बसवला. तू बार्शीटाकळीच्या मळ्यात एक हात ओटीपोटाखाली दाबून मेथी उपटायचीस, आणि मी इथून फोनवर विचारायचे, "आज चालायला गेली होतीस का?"

"कशी चालू वं बाई? चाललं का खाली येते ते. तुले समजते का?"

नाही समजलं गं. चालल्याशिवाय वजन उतरत नव्हतं आणि ऑपरेशनशिवाय तुला चालता येत नव्हतं. एवढी सरळ गोष्ट माझ्या डोक्यात कशी आली नाही?

पण तूही कमालच केलीस. माझ्या लग्नाआधीपासून तुला हे होतं, असं मावशीनं परवा सांगितलं. मले काहून नाही सांगितलं? पोटच्या पोरीची कसली लाज?

तू गेलीस त्याच्या आठवडाभर आधी तुझ्या ताटातली दुसरी पुरणपोळी मी उचलली होती. "खाऊ दे वं एक," म्हणालीस. मी दिली नाही.

मग तो हार्ट अटॅक आला, आणि इथेच माझं डोकं फिरतं. हृदय कमजोरच होतं, तर ऑपरेशन तुला सोसलं असतं का? अकोल्याचे डॉक्टरच बरोबर होते की काय? डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "मी त्यांना तपासलेलं नाही. कसं सांगू?" मग मी रागवू कुणावर? अकोल्याच्या डॉक्टरांवर, तुझ्यावर की स्वतःवर?

अजून एक. दिवाळीपासून मलाही खाली जड वाटून राहिलंय. घरात कुणाला बोलले नाही. तुझीच लेक ना!

पण तुला शब्द देते. आज संध्याकाळी माझ्या पोरीला समोर बसवून सगळं सांगीन. आणि उद्या इथल्याच दवाखान्यात माझा नंबर लावीन. काही समजलं नाही, तर समजेपर्यंत विचारीन. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या पेशंटला हाक मारली, तरी खुर्ची सोडणार नाही.

तुझी,
संगी