वाटेला लावायची कॉफी

झेनित्सा, मंगळवार

लाडक्या आईस,

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. काल वाचनालयाच्या सभागृहात लेखिका वास्वियाबाईंची मुलाखत घेतली. नदीवर धरण होऊ नये म्हणून पुलावर ठाण मांडलेल्या बायकांवर त्यांनी पुस्तक लिहिलंय. काय बाई आहे!

म्हणाल्या, "धरणवाले साहेब आले, तर एकीने स्वागताची नाही, थेट 'आता निघा' म्हणून शेवटी देतात ती, पाहुण्यांना वाटेला लावायचीच कॉफी पुढे केली!" सगळं सभागृह खो खो हसलं.

"कोण हो ती?" मी विचारलं.

"नाव नको म्हणाली. शहरातली लेक काळजी करते."

मग त्यांनी फोटो दाखवला. त्यात फक्त हात आणि कॉफीचं भांडं. दांड्याला निळी तार.

आई, ती तार मीच गुंडाळली होती ना?

गुडघा कसा आहे? शनिवारी येतेय. पुलावर माझीही जागा धर.

तुझ्यावर रागावलेली, अभिमानाने फुगलेली,
बेल्मा