राजाच्या शयनगृहातला वास

लांस, रविवार संध्याकाळ

प्रिय मार्सेलिनताई,

तुला आणि भावोजींना आम्हा सगळ्यांचा नमस्कार. भावोजींचा गुडघा कसा आहे? (तळघराच्या पायऱ्या दिवसातून एकदाच उतरा म्हणावं, चीज काही पळून जात नाही. म्हणजे मला आजवर तसंच वाटत होतं.) इकडे सगळे ठीक. बाबा तर गरजेपेक्षा जास्तच ठीक आहेत. तू त्यांच्या हाती दिलेल्या त्या उग्र वासाच्या मारवाल चीजची पोच द्यायची राहिली होती. ते पोचलं, ताई. फारच लांब पोचलं.

तुला माहीतच आहे, आमच्या सोलेनचं तांक्रेदशी जमलंय. मुलगा लाखात एक, पण वडिलांच्या शब्दाबाहेर नाही. वडील, म्हणजे गोंत्रां द मोंब्रेझ, गावच्या इतिहास मंडळाचे अध्यक्ष. राजेरजवाड्यांवर त्यांचा इतका जीव की चौदाव्या लुईचा विषय निघाला तर आपलेच काका नुकते वारल्यासारखा चेहरा करतात. सोलेनच्या माणसांना भेटल्याशिवाय होकार देणार नाही, आणि भेटायचं तर वर्सायच्या राजवाड्यातच, असं त्यांनी कळवलं. सोलेन आठवडाभर धड जेवली नाही. मी बाबांना दटावून ठेवलं, की तिथे गिलोटिन हा शब्द काढायचा नाही, खाणीतल्या संपाच्या आठवणी सांगायच्या नाहीत आणि ती लाल टाय घालायची नाही. बाबांनी सगळं कबूल केलं आणि लाल टाय घालून गाडीत बसले.

फाटकाशी मोंब्रेझ मंडळी आधीच उभी होती. सिबिलबाईंनी (मुलाची आई, बोलतात कमी, बघतात फार) रेशमी फितीचा बदामाच्या मिठाईचा डबा माझ्या हातात ठेवला. तेवढ्यात बाबांचा हात कोटाच्या आतल्या खिशाकडे गेला. पाहुण्यांकडे रिकाम्या हाताने जायचं नाही हा आपल्याकडचा रिवाज, म्हणून तुझं ते अख्खं चौकोनी मारवाल त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं होतं! त्या डब्यापुढे ते ओलं पुडकं काढायची मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू. मी डोळे वटारले, बाबांनी हात मागे घेतला. (गाडीत ठेवून यावं तर गाडी आमच्या ह्यांच्याकडे. हे जागा शोधायला गेले ते थेट जेवणाच्या वेळी उगवले. त्या बाबतीत माणूस कधी चुकत नाही.)

जूनचा महिना, बाहेर ऊन, आत जत्रेसारखी गर्दी आणि बाबांचा जाड लोकरी कोट. कोट काढा म्हणावं तर चीज उघडं पडणार. पहिल्या दोन दालनांत काही वाटलं नाही. तिसऱ्यात एक जपानी बाई आपल्या नवऱ्याकडे संशयाने बघायला लागली. आरसेमहालात तर लोक आपणहून वाट देत गेले, ताई. एवढी माणसं असून आमच्याभोवती मोकळं अंगण! मोंब्रेझसाहेबांना वाटलं, ही त्यांच्या घराण्याची अदब.

मग आलं राजाचं शयनगृह. सोनेरी कठड्यापाशी साहेब थबकले. त्यांनी एकदा हुंगलं, दुसऱ्यांदा डोळे मिटून हुंगलं. मी मनात सोलेनची माफी मागून घेतली. आणि साहेब म्हणाले, "आला! तीस वर्षं येतोय मी इथे, आज पहिल्यांदा आला! हा त्या काळाचा वास आहे, ओडेटबाई. भिंतींत मुरलेला. लिहून ठेवलंय ना, आंघोळीवाचून दरबारात कसा वास असायचा ते!"

बाबा माझ्या कानाशी लागले. "राजाला हाकलून सव्वादोनशे वर्षं झाली, आणि आपल्या मार्सेलिनचं चीज आता त्याच्या नावावर? मी सांगणार."

"बाबा, सोलेनकडे बघा," मी म्हटलं.

त्यांनी बघितलं. ती कठड्याला धरून उभी होती, रंग पार उडालेला. बाबांचे ओठ दोनदा हलले. तेवढ्यात साहेबांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "तुम्हालाही जाणवतंय ना?"

"जाणवतंय," बाबा म्हणाले. "अगदी छातीशी आहे."

ताई, आयुष्यभर कुठल्या साहेबापुढे गप्प न बसलेला माणूस नातीसाठी गप्प बसला. मला तिथेच रडू आलं. माझं रडू बघून साहेबांनाही आलं. इतकं हळवं घराणं शोधून सापडायचं नाही म्हणाले, आणि राजवाड्याच्या बागेतल्या कालव्याकाठी जेवताना त्यांनी होकार दिला. लग्न सप्टेंबरात, त्यांच्याच गावच्या चर्चमध्ये. बाबांनी चर्चसुद्धा मान्य केलं. मी त्यांना दुसऱ्यांदा वाढलं ते उगाच नाही.

भावोजींना जपा. सोलेनचा तुला गोड पापा.

तुझी धाकटी,
ओडेट

ता. क. एक छोटं काम आहे. साहेब पुढच्या शनिवारी इतिहास मंडळाच्या बत्तीस सभासदांना तो वास दाखवायला नेणार आहेत, आणि बाबांनी सोबत यायलाच हवं असा हट्ट धरून बसलेत. तेव्हा गुरुवारपर्यंत एक मारवाल पाठव. चांगलं पिकलेलं. बाबा नवा कोट शिवून घेतायत, दोन आतल्या खिशांचा, तेव्हा एक नको, दोनच पाठव.

ता. क. २. पाकीट चिकटवणार एवढ्यात सिबिलबाईंचा फोन आला. हळू आवाजात म्हणाल्या, "तीस वर्षांत ह्यांना एवढं खूश पाहिलं नव्हतं हो. शनिवारी वडिलांना मधोमध उभं करा, मागच्या रांगेपर्यंत पोचायला हवं. आणि त्यातला एक तुकडा माझ्यासाठी राखून ठेवा. आमच्या घरी असलं काही आणू देत नाहीत."