अण्णांचा एकतरी फोटो

शुक्र. ३ फेब्रु. १९३३, जव्हार
काल संध्याकाळी पोचलो. मोटारीने हाडं खिळखिळी केली. या वयात नसते उद्योग.

वहिनींचं दिवाळीतलं पत्र खिशात आहे. पुन्हा वाचलं. "डोळ्यांवर पडदा येतो आहे. यांनी साऱ्या मुलखाची चित्रं काढली, स्वतःचं एक नाही. दिसतंय तोवर एकदा चेहरा पाहू दे."

अण्णा जाऊन अठरा वर्षं झाली. या डोंगरांत हलती चित्रं घेणारा पहिला माणूस, आणि त्याचा एक साधा फोटो नाही. कॅमेऱ्यापुढे आले ते एकदाच, सूर्यमाळला, आणि कॅमेऱ्याचा दांडा फिरवत होतो मी, त्यांचा मदतनीस. तिसऱ्या दिवशी ताप चढला. त्यांना झोळीत घालून निघालो. धुतलेली फिल्मची पट्टी तिथेच वाळत राहिली.

तेव्हाच परत जायला हवं होतं. गेलो नाही. आता बोलपट आलेत, मुक्या चित्रांना कोण विचारतो, असं स्वतःला सांगत बसलो.

शनि. ४, जव्हार
बाजारातली अण्णांची खोली शोधली. तिथे तंबाखूचं दुकान आहे. दुकानदार म्हणाला, "सिनेमावाले? इथं? काहीतरीच."

मग दरबारच्या पागेत गेलो. मागच्या पडवीत अण्णांनी काळी खोली केली होती. आत आता मोटारीचे टायर. एका म्हाताऱ्या मोतद्दाराने तेवढी ओळख दिली. "ते वासाच्या पाण्याचे? घोडी शिंकायची हो त्यानं!" एवढी अण्णांची कीर्ती. हसू आलं, मग वाईट वाटलं. ती पट्टी कुणी इथे आणून टाकली का ते पाहिलं. नाही.

सोम. ६, मोखाडा
बैलगाडीने आलो. धर्मशाळा तशीच आहे. कोपऱ्यातल्या खोलीत अण्णा गेले. ओट्यावर बसून चहा घेतला. आत गेलो नाही.

बुध. ८, सूर्यमाळ
चढण आता झेपत नाही. चारदा बसलो.

आम्ही उतरलो होतो ते पाड्यावरचं घर सापडेना. झरा बरोबर, आंबा बरोबर, घर नाही. नुसते चुलीचे तीन दगड. तासभर भटकलो. शेवटी हंडा घेऊन चाललेल्या बाईला विचारलं. तिने मला खालून वर न्याहाळलं. "तू तोच ना, दांडा फिरवायचा तो?"

शुक्री. त्या घरची सून. तेव्हा नवी नवरी होती, आता केस पिकलेत.

"सासरा मेला त्या घरात. मंग घर मोडला. खांब उचलून पल्याड नेला."

म्हणजे घरच उठून गेलं. मी अठरा वर्षांपूर्वीची जागा शोधतोय. नव्या घरात मधल्या खांबाला माझा लोखंडी आकडा अजून आहे! पट्टी वाळवायला मीच ठोकला होता. त्यावर आता टोपली टांगलीय. हात लावून पाहिला.

पट्टीचं विचारलं तर म्हणाली, "ती चकचकीत? नाचणीत बांधली. पाखरां भ्यायची." किती वर्षं? "तुटं तवर."

उन्हात. पावसात. अण्णा पाखरं हाकत उभे.

वर तिचंच ऐकून घ्यावं लागलं. "दोन दीस आमी बायांनी पानी वाहिला तुज्या पट्टीला. झरा आटला. परत येऊन दावतो बोललास." हे मी साफ विसरलो होतो. बोललो असेन.

गुरु. ९, सूर्यमाळ
सकाळी शुक्रीने माळ्यावरून बियाण्याचा डबा काढला. आमचाच, फिल्मचा. उंदीर शिरत नाही म्हणून जपलाय. झाकण घट्ट बसावं म्हणून कडेला पट्टीचा वेढा. वरचे पदर घासून कोरे झालेले. आतला वीतभर तुकडा शाबूत.

मागितला. लगेच दिला. "झाकनाला काय लावू मंग?" माझा रुमाल फाडून दिला.

तुकडा उन्हात धरला. उलटं चित्र, तोंड काळं, केस पांढरे. कमरेपर्यंत माणूस. अंगात अण्णांचा कोट.

पण कोट एकच होता. त्या दिवशी शेवटची थोडी फिल्म उरली होती. अण्णा म्हणाले, वाया कशाला? आधी मी दांडा फिरवला. मग त्यांनी कोट काढून माझ्या अंगात घातला आणि दांडा धरला. "आता तू उभा राहा."

शुक्रीने तुकडा घेऊन सूर्याकडे धरला. मग माझ्याकडे पाहिलं.
"यो तू."
"कशावरून?"
"कानावरून."

अण्णांचे कान कसे होते? दिवसभर आठवतोय. खोकला आठवतो, बोटांचे पिवळे डाग, हाक मारायची तऱ्हा आठवते. चेहरा येत नाही. वहिनींना कळवायची लाज वाटते.

रवि. १२, जव्हार
गुडघे सुजलेत. दिवसभर पडून. आरशात कान पाहिले. काही ठरत नाही. नाशिकला तुकडा छापून घेतला की कळेल म्हणे. कोणाला कळणार? त्यांचा चेहरा ओळखणारे आता आम्ही दोघंच, मी आणि वहिनी.

सोम. १३, जव्हार
टपालात वहिनींचं पत्र. अक्षर पुतण्याचं.

"संक्रांतीपासून उजेड-अंधार एवढंच कळतं. तरी मिळाला तर आणा. देवाजवळ ठेवीन, हात लावीन. मला दिसणार नाही, तुम्हीच सांगा हे कसे दिसतात. तुम्ही सांगाल ते मी धरून चालेन."

उत्तर लिहायला बसलो. "ती. वहिनींस सा. न. वि. वि." पुढे सुचेना. तुकडा वहीत ठेवलाय.

मोटार उद्या सकाळी सातला आहे.