दरीतून काढलेला डबा

उस्ताद,

दुपारचे पावणेतीन वाजलेत. गॅरेजचं शटर अर्धं ओढून आत बसलोय, समोर फोन ठेवलाय आणि तो मेला वाजत नाहीये. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, एवढ्या वर्षांत तुम्हाला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत, आणि आज हात कशाततरी गुंतवायला हवेत म्हणून लिहायला बसलो. पाना धरवत नाही, पेन धरवतंय. मघापासून अठरा वेळा फोन लावला. नंबर संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे असं ती बाई इतक्या गोड आवाजात सांगते की फोन भिंतीवर मारावासा वाटतो. ज्याला लावतोय तो वरच्या एका वाडीतला माणूस आहे, जुनी फोर-व्हील जीप चालवतो. गावातल्या तिघांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला रत्नागिरीत आणतो आणि परत नेतो. त्याच्या वाडीचा रस्ता असा आहे की दुसरी गाडी चढतच नाही. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी, कठड्याचं नाव नाही. आत्ता ते चौघं त्या चढावर असतील, आणि त्या जीपचं इंजिन चालता चालता बंद पडू शकतं. मी बसवलेल्या डब्यामुळे.

डबा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. तुम्ही इंजिनवर स्क्रूड्रायव्हर टेकवायचात, त्याची मूठ कानाला लावायचात आणि कुठलं नोझल रडतंय ते सांगायचात. शेवटी शेवटी डब्याची गाडी आली की तुम्ही बॉनेट परत लावून म्हणायचात, "हिला डॉक्टरकडे न्या, मी वैद्य आहे." आता सगळ्या डब्याच्याच गाड्या. ईसीएम म्हणतात त्याला. तळहातापेक्षा थोडा मोठा, ॲल्युमिनियमचा, आणि डिझेल कधी नि किती सोडायचं ते तो ठरवतो. खारी हवा त्यात शिरते, पाणी शिरतं, एक दिवस तो मरतो. या जुन्या जीपचे नवे डबे येणं बंद झालंय, म्हणून भंगारातल्या गाडीचा काढून चालत्या गाडीला लावायचा. इथे मिरजोळ्यातल्या गॅरेजांत सगळेच करतात, मीही करतो, आणि माझा हात चांगला आहे. नुसता डबा लावून भागत नाही. त्याच्या जोडीची चावी आणि चावी ओळखणारं सर्किट, तिन्ही एकाच गाडीचं लागतं, नाहीतर जीप ढिम्म उभी राहते.

मला सारखा तो ब्रेक सिलिंडरचा दिवस दिसतोय. मी बावीस-तेवीसचा, अंगात भारी मस्ती. घाटात पडलेल्या जीपचा सिलिंडर काढून मी गिऱ्हाइकाच्या गाडीत बसवलाय, एकदम नव्यासारखा दिसतोय, आणि तुम्ही तंबाखू मळत येऊन विचारताय, "हा कुठल्या गाडीतला?" मी सांगतो. "ती गाडी का पडली?" मला काय माहीत, मी म्हणतो. "माहीत नाही ना? मग काढ." गिऱ्हाइकासमोर! मी तोंड पाडून काढला. तुम्ही भुताखेताला घाबरता, असं आम्ही पोरं मागे हसायचो. जिच्यात माणूस गेला त्या गाडीचा पार्ट उस्ताद लावत नाहीत, ही तुमची ख्याती होती, आणि तुम्हीही कधी कुणाला उलगडून सांगितलं नाहीत. त्या दिवशी तुम्ही मला घरी नेलंत. चाचींनी स्वयंपाकघरातच पाट मांडला, तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं सार वाढलं. तुम्ही तुमच्या ताटातला बांगडा उचलून माझ्या ताटात टाकलात. मला वाटलं, चला, राग गेला. शिकवत होतात हे डोक्यात शिरलंच नाही.

दोन महिन्यांपूर्वी एक जीप दरीतून वर काढली. ड्रायव्हर जागीच गेला होता, गाडीत एकटाच होता. रस्ता तिथे वाकडा नव्हता, पाऊस नव्हता, म्हणजे डुलकी लागली असणार, असं सगळे म्हणाले आणि विषय संपला. त्याच्या बायकोकडे मी पार्ट मागायला गेलो. ती म्हणाली, "ते झोपणारे नव्हते हो. गाडीवर असले की जेवायचे पण नाहीत, सुस्ती येते म्हणून." मी मान हलवली. अशा वेळी माणूस मान हलवतोच. मग मी चावी मागितली. ती तिच्या घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात होती. "चावी पण लागते?" तिने विचारलं. "लागते वहिनी, नाहीतर डबा ऐकत नाही." जुडग्याची कडी नखाने उघडायला तिला खूप वेळ लागला आणि मी दारात उभा राहून घड्याळ बघत होतो. लाज वाटते आता.

टेबलावर डब्याला स्कॅनर लावला तर आत एक जुना बिघाड नोंदलेला. क्रँक सेन्सरचा सिग्नल तुटला, म्हणजे इंजिन फिरतंय की नाही हे डब्याला कळायचं थांबलं. तसं झालं की तो डिझेल तोडतो. मी म्हटलं, गाडी एवढी आपटली, वायरी तुटल्या असतील, त्याची नोंद. पुसून टाकली. फोटोसुद्धा काढला नाही. सगळेच पुसतात हो, साफ डबा द्यायचा असतो! तो मी या वाडीवाल्याच्या जीपला बसवला, आणि बाराव्या दिवशी तो परत आला. "मिस्त्री, चढावर इंजिन गपकन बंद झालं. पुन्हा चावी मारली तर चालू." स्कॅनर लावला, तर तीच नोंद. तीच! जीप दुसरी, वायरी दुसऱ्या, सेन्सर दुसरा. दोन्हीकडे सारखं काय, तर डबा. मला तिथेच कळलं, उस्ताद, आणि मी ते न कळल्यासारखं केलं. सेन्सर बदलला, काल संध्याकाळी गाडी दिली. त्याने विचारलं, "आता भीती नाही ना?" मी म्हणालो, "बिनधास्त जा." इंजिन बंद पडलं की स्टेअरिंग जड होतं आणि ब्रेक दोन-तीन दाबांपुरताच उरतो, हे मला तुम्हीच शिकवलंत, आणि मी त्याला बिनधास्त म्हणालो.

फोन आला. मधेच पेन टाकलं, आत्ता परत घेतलंय. "काय मिस्त्री, एवढे मिस्ड कॉल? कोण गेलं की काय?" वाडीवालाच होता. पोचलेत. चौघंही पोचलेत. पण शेवटच्या वळणावर जीप बंद पडली, मागे सरायला लागली. त्याने ती कातळाला घासून थांबवली, तिघांतल्या म्हातारीला उतरवलं, चाकामागे धोंडे लावले. हे तो हसत हसत सांगत होता. मी म्हटलं, चावी काढ, गाडीला हात लावू नको, मी वर येतोय. सेन्सरचा दोष नव्हता, डब्याचा होता, आणि मला ते कळलं होतं. तो म्हणाला, "कळलं होतं, आणि दिलीत?" हो म्हणालो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "शुक्रवारी त्यांना न्यायचंय." शुक्रवारी त्यांना खुर्चीत बसवून फाट्यापर्यंत उतरवायचं आणि तिथून मी माझ्या गाडीने न्यायचं, असं ठरलंय.

आता निघायला हवं. फाट्यापासून चालत वर जाऊन आजच डबा काढून आणतो. त्यात तीच नोंद पुन्हा असणार, या वेळी पुसणार नाही. आणि तुमच्यापासून काय लपवायचं, फोन ठेवल्यावर पहिला विचार काय आला? येताना भाट्याच्या पुलावरून डबा खाडीत टाकावा. कोण विचारतंय? पहिली नोंद तर मीच पुसलेली. त्या बाईचा नवरा झोपला म्हणून दरीत गेला नाही, हे मी सोडून जगात कुणाला माहीत नाही. हा विचार माझ्या डोक्यात चांगला दहा मिनिटं होता. म्हणून त्या विचाराला वाटच ठेवायची नाही, असं ठरवून मी तिला फोन लावला. म्हटलं, वहिनी, उद्या घरी येतो, थोडं बोलायचंय.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहून टाकतो. तिने एकदम हळू विचारलं, "गाडीचं काही कळलं का?" नुसतं "हो" म्हणायचं होतं, उस्ताद. मला म्हणता आलं नाही. उद्या येतो, एवढंच परत म्हणालो आणि मीच फोन ठेवला.