बातमीतलं शेवटचं वाक्य

२५ जून, मंगळवार

आली एकदाची! इंग्रजी बातम्यांची बाई, तिचा कॅमेरावाला आणि बेथलेहेमचा दुभाषी जॉर्ज. टेकडीवरच्या इस्रायली वसाहतीतल्या लोकांनी आमची पाण्याची पाइप कापल्यापासून टँकर विकत घेतोय. भांडी एकाच पाण्यात धुते, तेच पाणी झाडाला. पण पाहुण्याच्या चहात हात आखडायचा नाही. साखर सढळ घातली.

बाईनं विचारलं, कसं चाललंय? तोंडातून आपसूक निघालं — अल्हम्दुलिल्लाह, अल्लाच्या कृपेनं सगळं ठीक. पाहुण्याच्या हातात पहिला पेला, आणि आपण रडगाणं लावायचं? अल्लाची कागाळी परक्यापाशी करू नये, असं आईनं शिकवलंय. दुसऱ्या चहाला मात्र सगळं सांगितलं. पाइप. आमच्या जवाच्या शेतात सोडलेल्या त्यांच्या मेंढ्या. थोरल्या लेकाचं, मुसल्लमचं फोडलेलं डोकं. "निघा इथून, नाहीतर —" म्हणाले ते. जॉर्जनं एकेक वाक्य इंग्रजीत सांगितलं.

सैन्यानं आमची घरं पाडू नयेत अशी तात्पुरती मनाई आहे. आठ तारखेला न्यायालय ठरवणार — मनाई ठेवायची की उठवायची. वकीलबाई म्हणतात, त्याआधी जगानं पाहिलं तर बरं.

२८ जून

बातमी लागली. सगळे लेकीच्या, सुजूदच्या फोनभोवती. ती कॉलेजात इंग्रजी शिकते, तिनं सांगितलं. पाइप नाही. मेंढ्या नाहीत. मुसल्लमचं डोकं नाही. टेकडी, सूर्यास्त, वसाहतीतला एक दाढीवाला, मग मी — "सगळं ठीक." हसतेय वर!

खाली पट्टी होती. मी म्हटलं, काय गं लिहिलंय? "वादग्रस्त भाग, यम्मा. मॅट्रिकला नव्हता का हा शब्द?"

होता. पण वाद दोघांत होतो. माझ्याशी वाद घालायला कुणी आलंच नाही. मेंढ्या घेऊन आले.

शेवटी बाई म्हणाली — बहुतेक देश या वसाहती आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार बेकायदा मानतात, इस्रायलला ते मान्य नाही. सुजूद तिच्याबरोबरच म्हणत होती, पाठ आहे तिला. प्रत्येक बातमीच्या शेवटी असतंच म्हणे.

सासूबाईंनी विचारलं, "दुआ आहे का ती, शेवटी म्हणायची?"

हे सुद्धा हसले. मला हसू आलं नाही.

३० जून

जॉर्जला फोन केला. मुसल्लमची आई म्हणून तो मला उम्म मुसल्लम म्हणतो. म्हणाला, "उम्म मुसल्लम, मी सगळं भाषांतर करून दिलं होतं. कापलं तिकडे, कचेरीत. दोनच मिनिटं मिळतात." बिचारा माफी मागत होता. त्याचा काय दोष?

८ जुलै, सोमवार

वसाहतवाल्यांच्या वकिलानं न्यायालयात ती बातमी दाखवली. "हीच बाई सांगते, सगळं ठीक आहे. मग त्रास कसला?" वकीलबाईंनी समजावलं — ही बोलायची रीत आहे, आमच्यात मरणघरीही असंच म्हणतात. न्यायाधीशांनी टिपून घेतलं म्हणे.

मनाई उठली. त्या एकाच कारणानं नाही, असं वकीलबाई दहादा म्हणाल्या. दहादा का म्हणावं लागलं?

घरात कुणी मला शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

९ जुलै

पाचही नमाज पढले. एकाही वेळी चित्त नव्हतं.

१२ जुलै

धाकटे दीर खलीफ पहाटे मुलाबाळांसह गेले. काल रात्री त्यांच्या कुंपणाला कुणी आग लावली. जावेनं भट्टीतले निखारे राखेनं झाकून ठेवले, जशी उद्या भाकऱ्या भाजायला येणार आहे. मी म्हटलं, "अगं, विझव की." तिनं ऐकलं नाही.

जॉर्जचा फोन. मंगळवारी दुसरे बातमीदार येणार! या वेळी पहिल्याच वाक्याला रडायचं.

१४ जुलै

सुजूदला समोर बसवून सराव केला. तिनं माइकसारखी पळी धरून विचारलं, "कसं चाललंय, मावशी?"

"अल्हम् —"

"यम्मा!"

सासूबाई म्हणाल्या, "तिला चिमटा काढा गं कुणीतरी!" पुन्हा केलं. पुन्हा तेच. सत्तेचाळीस वर्षांची जीभ ही, कशी वळणार? मग खरंच रडू फुटलं. तेव्हा मात्र कॅमेरा नव्हता.

अल्ला, तुझी कागाळी नाही. त्यांची आहे. एवढा फरक तुला कळतो ना?

१६ जुलै, मंगळवार

मोहरमच्या दहाव्या दिवसाचा, आशुराचा रोजा. सकाळपासून उंबऱ्यावर. पाहुण्यांसाठी कोंबडी कापली. महिन्याचा हिशोब बिघडला, बिघडू दे.

आले नाहीत. जॉर्ज म्हणाला, आज दुसरी मोठी बातमी आहे.

रोजा पाण्यावर सोडला. कोंबडी शिजवली, पण कुणी खाल्ली नाही. अन्न टाकायचं पाप नको, म्हणून कुत्र्याला घातली. हे अंधारात भिंतीवरून हात फिरवत होते. ही खोली यांनी लग्नाच्या वर्षी बांधली.

१९ जुलै, शुक्रवार

सुजूद ओरडत आली. हेगच्या मोठ्या न्यायालयाचं मत आलं — वसाहती बेकायदा! ज्यांना घालवलं त्यांना परत येऊ द्या, असंही म्हणाले!

आम्हीही निघालो होतो; सासूबाई ट्रकमध्ये गाद्यांवर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "मग सामान उतरवायचं का?"

यांनी दोरीला आणखी एक गाठ मारली.