पाणी पिण्यास योग्य आहे

सोमवार, ३
नवं गाव, नवी नोकरी. पाणीपुरवठा कचेरीची वेबसाइट आता माझ्या हवाली. खोल्या हवेशीर आहेत. माझ्यासोबत आलेल्या आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, आल्याआल्या खिडकीजवळची खुर्ची बळकावली. शेजारच्या वहिनी पडदे लावायला स्टूल घेऊन आल्या आणि तासभर गप्पा मारून गेल्या. साहेब म्हणाले, काम सोपं आहे. पहिल्या पानावर ‘पाणी पिण्यास योग्य आहे’ हे एकच वाक्य असतं, तीन वर्षांत बदलावं लागलेलं नाही.

बुधवार, ५
आज डोकं फिरलं. सर्व्हर पानासोबत हेडर नावाच्या सूचना धाडतो. फोनने पानाची प्रत किती काळ जवळ ठेवायची, तेही त्यातच असतं. आमच्या पानावर लिहिलंय – एक वर्ष. म्हणजे ज्या फोनने पान एकदा उघडलं, तो वर्षभर आपल्याला विचारणारच नाही. जवळची जुनी प्रत दाखवत बसेल. साहेब म्हणाले, सर्व्हर म्हातारा आहे, गर्दी सोसत नाही, चाललंय ते चालू द्या. मी न विचारता सूचना बदलली. पण जे विचारायलाच येत नाहीत, त्यांना ती कळणार कशी?

सोमवार, १०
नदीकाठच्या कारखान्याची टाकी गेल्या आठवड्यातच फुटली, आम्हाला कळलं आज. रसायन पाण्यात. रंग नाही, वास नाही, उकळून जात नाही. आधी जीभ बधिर होते, मग बोटं, मग श्वास. पाण्याच्या तपासणीचा अहवाल शनिवारीच आला होता. साहेबांच्या खणात होता. आणि टेबलावर त्यांच्या सीलबंद बाटल्या – शनिवारपासून. आम्ही मात्र नळाचं पीत होतो.
‘पाणी पिऊ नका’ असं टाकलं. कचेरीत नवं दिसलं. साहेब म्हणाले, झालं आपलं काम. मी म्हटलं, गावाच्या फोनांवर अजून जुनंच आहे, भोंग्याची गाडी फिरवा. म्हणाले, उगाच घबराट होईल.

मंगळवार, ११
दारोदार फिरले. दुकानदाराने फोन माझ्या नाकासमोर धरला. योग्य आहे. तुमचीच कचेरी सांगतेय ना, म्हणाला. मी ते पान ताजं करून दाखवलं, तर म्हणाला, मग यातलं खरं कुठलं? किती दारं करू एकटी? वहिनी माहेरी आहेत, दाराला कुलूप. फोन लागत नाही. चिठ्ठी सरकवलीय.

बुधवार, १२
आप्पांच्या हातून कप पडला. दवाखान्यात जमिनीवरही जागा नाही. साहेबांना फोन केला. म्हणाले, वेबसाइटवर स्पष्ट लिहिलंय, लोक वाचत नाहीत, आपण काय करणार.
त्या माणसाचं थोबाड –

गुरुवार, १३
आप्पा गेले. पहाटे. शेवटी मला हाक मारायला बघत होते, शब्द –
गाडी अजून फिरलेली नाही.

शुक्रवार, १४
माझीही बोटं. पेन धरवत नाही. रागाने लिहितेय, नाहीतर –
वहिनी आल्या. लेक कडेवर. चिठ्ठीवरून पाय देऊन आत गेल्या. खिडकीतून दिसताहेत. ओट्यापाशी. फोन काढला, वाचलं, मान डोलावली. पेला नळाखाली. लेकीसाठी. मी हाक मारतेय, जीभ उचलत ना –
काच फोडते –
पेला तिच्या ओठां